चुलवाणातली राख

पीएच.डी.ची नोंदणी झाली तेव्हाच ठरवलं होतं, कागल तालुक्यातल्या आमच्या गुऱ्हाळाच्या राखेतून झिओलाइट ए, म्हणजे सिलिका आणि ॲल्युमिनाचा सूक्ष्म छिद्रांचा स्फटिक, करायचं. उसाच्या चिपाडाच्या राखेत सिलिका भरपूर असते आणि आमच्याकडे ती ढिगाने पडलेली. कोल्हापूरला येताना सिमेंटच्या पोत्यात भरून एसटीने आणली.

पहिले चार महिने त्या पोत्यानेच खाल्ले. चुलवाणाचा, म्हणजे गुऱ्हाळाच्या भट्टीचा, ताव जबरदस्त, त्यात उसाबरोबर आलेली मातीवाळू. एक्सआरडीला, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक ओळखणाऱ्या यंत्राला, दिलं की २६.६ अंशावर क्वार्ट्झची शिखर-रेषा उभी. क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकी सिलिका, कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात सहजासहजी विरघळत नाही, आणि मला तर विरघळणारी, अस्फटिकी सिलिका हवी होती. शेवटी राखेचा नाद सोडला आणि कोरडी चिपाडंच आणली. ती धुऊन, हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून पोटॅशियम, कॅल्शियम, लोह काढलं आणि मफल भट्टीत ६०० अंशांवर जाळली. पांढरीशुभ्र, हलकी राख निघाली. ती बघून मी अर्धा तास तशीच बसले होते.

पुढचं काम ऐकायला सोपं. राख कॉस्टिकमध्ये विरघळवायची, गाळायची, त्यात सोडियम ॲल्युमिनेटचं द्रावण ओतायचं. ओतताक्षणी खरवसासारखी पांढरी जेल बनते. ती पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीत घालून ९५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवायची. काचेची बाटली चालत नाही, अल्कली काचेतली सिलिका खाते आणि सिलिका-ॲल्युमिनाचं गणित बिघडतं.

मी बाटली संध्याकाळी ठेवली आणि वसतिगृहावर गेले. जास्त वेळ दिला तर स्फटिक चांगले होतील अशी माझी पक्की समजूत. सकाळी पावडर धुतली, वाळवली, एक्सआरडीच्या रांगेत नंबर लावला. आलेख आला तर ७.२ आणि १०.२ ला, जिथे झिओलाइट ए दिसायला हवा, काहीच नाही. १४.१ आणि २४.५ ला मात्र ठसठशीत शिखरं. तो सोडालाइट होता, त्याच घटकांचा पण वेगळ्या रचनेचा स्फटिक.

सरांनी कागदावर आकृती काढून समजावलं. दोन्हींची वीट एकच, त्याच आकाराचा पिंजरा. झिओलाइट ए मध्ये हे पिंजरे चौकोनी जोडांनी एकमेकांपासून अंतर राखून बसतात, म्हणून मध्ये मोठी खोली तयार होते आणि तिचं दार साधारण ०.४ नॅनोमीटरचं. सोडालाइटमध्ये तेच पिंजरे एकमेकांना थेट चिकटतात, खोली उरतच नाही. झिओलाइट ए हा अर्ध्या वाटेवरचा मुक्काम आहे. त्याला उष्ण अल्कलीत तसंच ठेवलं तर तो विरघळतो आणि जास्त स्थिर असलेल्या सोडालाइटकडे जातो. रॉबर्ट मिल्टन यांनी युनियन कार्बाइडमध्ये १९४९ च्या सुमारास हे झिओलाइट पहिल्यांदा बनवलं, तेव्हापासून त्याचं सगळं तंत्र या वेळेभोवती फिरतं.

त्या दिवाळीत गावी गेले. काहिलीत रस उकळत होता. आमचा गुळव्या पाकाचे थेंब गार पाण्यात टाकून बोटांत गोळी करून बघत होता. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग एकदम ओरडला, "उतरा!" आबा म्हणाले, "चार मिनिटं उशीर झाला की गूळ करपला म्हणून समज, पोरी."

परत आल्यावर एकाच जेलच्या आठ बाटल्या भरल्या आणि तासातासाला एक काढली. प्रत्येक बाटली बर्फात थंड केली, गाळली, धुण्याचं पाणी पीएच नऊच्या आसपास येईपर्यंत धुतली. पहिल्या बाटलीत नुसती जेल, दुसरीत ७.२ ला बारीकसं टेकाड. चौथीत सगळ्या रेषा जागच्या जागी. सातवीत १४.१ ला पुन्हा सोडालाइट डोकं वर काढताना दिसला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चौथ्या बाटलीतले घन दिसले, कडा अगदी सरळ. लॅबमधल्या मामांनाही बोलावून दाखवले.

उन्हाळ्यात त्यातली चमचाभर पावडर घरी नेली. आमच्या बोअरचं पाणी जड, साबणाला फेस येत नाही. बाटलीभर पाण्यात पावडर हलवून रात्रभर ठेवली. पाण्यातलं कॅल्शियम झिओलाइटमध्ये शिरतं आणि सोडियम बाहेर येतं. सकाळी वरचं निवळलेलं पाणी आईच्या हातावर ओतलं, तिने साबण चोळला. फेस कोपरापर्यंत आला. आई म्हणाली, "अजून आहे का गं?"