चौदावा सेल

बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजायच्या हायड्रोमीटरचा रबरी फुगा दाबून सोडला, पण काचेच्या नळीत काहीच चढलं नाही. पुन्हा दाबला. दोन-चार बुडबुडे आले, बस. टॉर्च मारून आत पाहिलं तेव्हा कळलं, ॲसिडची पातळी प्लेटांच्या वरच्या कडेखाली गेली होती आणि उघड्या पडलेल्या प्लेटांवर पांढुरका थर धरला होता. मल्टिमीटर लावला: १.६ व्होल्ट. शेजारच्या तेराव्या सेलवर २.०३.

गावाने मला बोलावलं होतं ते ‘पॅनल गेलीत’ म्हणून. पॅनल ठणठणीत होती. धूळ पुसून मोजली, तर दुपारच्या उन्हात द्यायला हवी तेवढी वीज देत होती. लहान सौर ग्रिड उभारणं आणि बंद पडलेले पुन्हा सुरू करणं हे माझं रोजचं काम आहे, आणि बंद पडण्याचं कारण पॅनलमध्ये मला क्वचितच सापडलंय. पॅनल सगळ्यांना दिसतात, म्हणून बोट आधी तिकडेच जातं. बॅटरीची खोली कुलुपात असते.

या खोलीत २ व्होल्टचे २४ सेल एकापुढे एक जोडलेले, मिळून ४८ व्होल्ट. अशा साखळीत सगळ्या सेलमधून सारखाच करंट वाहतो. एक सेल कमजोर पडला की तो आधी रिकामा होतो, बाकीच्यांत वीज शिल्लक असतानाच एकूण व्होल्टेज घसरतं आणि इन्व्हर्टर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. गावाला एवढंच दिसतं की आठ वाजले आणि दिवे गेले. मग साडेसातला जातात. मग सातला.

भिंतीला खिळ्यावर नोंदवही लटकत होती. दर आठवड्याचं पान, २४ रकाने, बारीक नीटनेटकं अक्षर. कुठे डिस्टिल्ड वॉटर घातलं, किती घातलं, सगळं लिहिलेलं. दीड वर्ष एकही आठवडा चुकलेला नाही. त्यानंतर कोरी पानं. चौकशी केली. नोंदी ठेवणाऱ्या बाईंचं मानधन प्रकल्पाच्या खात्यातून येत होतं. प्रकल्पाची मुदत संपली, मानधन थांबलं, आणि त्या दुसऱ्या कामाला लागल्या. त्यांच्या जागी कोणाला नेमायचं हे कोणीच ठरवलं नव्हतं. मी बराच वेळ ती वही हातात धरून उभा होतो. पुढचं एक वर्ष कोणी महिन्यातून दोन तास दिले असते, तर ही बॅटरी वाचली असती.

म्हणून आता कुठल्याही गावात पहिल्या बैठकीत मी पॅनल किती बसवायची हे बोलत नाही. मी विचारतो, खोलीची किल्ली कोणाकडे राहणार, आणि त्या माणसाला पैसे कुठून मिळणार? दरमहा जमणाऱ्या वर्गणीतून आधी ऑपरेटरचं मानधन, मग नव्या बॅटरीसाठी बाजूला ठेवायची रक्कम, मग बाकीचं. हा क्रम कागदावर येईपर्यंत मी खांबांची मापं घेत नाही. काही लोकांना हा आडमुठेपणा वाटतो. वाटू दे.

दुसरं बोलणं लोडचं. याच गावाचा हिशेब देतो. बॅटरी ४८ व्होल्ट, ६०० ॲम्पिअर-तासांची, म्हणजे जवळपास २९ युनिट (एक युनिट म्हणजे १,००० वॅट-तास). लेड-ॲसिड बॅटरी रोज अर्ध्याहून खाली उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून हाताशी फार तर १४ युनिट. घरं ६०. प्रत्येकाच्या वाट्याला रात्रीची सव्वादोनशे वॅट-तासांच्या आसपास वीज येते. ९ वॅटचे दोन दिवे पाच तास, एक छोटा पंखा अडीच-तीन तास, फोनचं चार्जिंग. एवढं आरामात बसतं. आता एका घरात १,५०० वॅटचा पाणी तापवायचा रॉड आला आणि तासभर चालला, तर दीड युनिट गेलं. सहा घरांची अख्खी रात्र त्या एका बादलीत उतरली. ज्याने रॉड लावला त्याला हे कोणी सांगितलेलंच नसतं. त्याच्या दृष्टीने वीज आली, प्लग आहे, लावला.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यालगत एग नावाचं बेट आहे. जेमतेम शंभर वस्तीचं. मुख्य भूमीवरून तिथे केबल कधी गेलीच नाही, २००८ पर्यंत लोक आपापली डिझेल जनरेटर चालवायचे. त्या वर्षी त्यांनी पाणी, वारा आणि ऊन या तिन्हींवर चालणारा स्वतःचा ग्रिड सुरू केला. मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती त्यांची मर्यादा: घराला एका वेळी ५ किलोवॅट, व्यवसायाला १०. ओलांडली की त्या घराची वीज तुटते, बाकी बेट चालू राहतं. आणि जोराच्या पावसा-वाऱ्यात वीज जास्त झाली तर ती सार्वजनिक इमारती ऊबदार ठेवायला वापरतात. टंचाई आणि चंगळ दोन्हींचे नियम आधीच ठरलेले. आपल्या ६० घरांना ५ किलोवॅट झेपणार नाहीत, पण घरागणिक लहान मर्यादा आणि ती तुटली तर फक्त त्याच घराचा एमसीबी, म्हणजे जादा करंटला आपोआप पडणारा स्विच, पडेल अशी वायरिंग, हे कुठेही करता येतं.

मोटरीचं प्रकरण वेगळं. धान्य दळायची चक्की सुरू होते त्या क्षणी मोटर नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते. दीड-दोन सेकंदांचा खेळ, पण तेवढ्यात इन्व्हर्टर ट्रिप होऊन सगळं गाव अंधारात जातं. चक्कीला मोटर हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर लावा आणि ती भर उन्हात, अकरा ते तीनमध्ये चालवा. त्या वेळी पॅनलची वीज तशीही अंगावर येत असते, बॅटरीला हात लावायची वेळ येत नाही. शिवाय चक्की आणि पंप यांच्या वर्गणीवरच ऑपरेटरचं मानधन टिकतं. नुसत्या दिव्यांवर ते कधीच टिकत नाही.

जवळ बारमाही ओढा असेल तर मी पॅनलआधी पाण्याकडे बघतो, कारण पाणी रात्रीही वाहतं. सेकंदाला २० लिटर पाणी ३० मीटरवरून उतरवलं, तर पाइप, टर्बाइन, जनरेटर यांतली घट धरून साधारण ३ किलोवॅट हाती लागतात, चोवीस तास. फक्त प्रवाह मोजायचा तो वर्षातल्या सर्वांत कोरड्या महिन्यात. पावसाळ्यात मोजून उभारलेली टर्बाइन उन्हाळ्यात नुसती उभी असलेली मी पाहिली आहे.

धरणई विसरता येत नाही. बिहारमधल्या या गावात २०१४ साली ग्रीनपीसने १०० किलोवॅटचा सौर मायक्रोग्रिड उभारला, आणि लवकरच गावकऱ्यांनी ‘खरी वीज’ मागितली. पुढे सरकारी तारा आल्या आणि काही वर्षांत मायक्रोग्रिड बंद पडला. लोकांना नावं ठेवणं सोपं आहे. पण ज्याला फ्रीज चालवायचा आहे, वेल्डिंगचं दुकान टाकायचं आहे, त्याने दोन दिव्यांवर समाधान मानावं असं मी कोणत्या तोंडाने सांगू? मोठी तार येईल हे धरूनच लहान ग्रिड बांधायचा. खांब, तारा, मीटर त्याच दर्जाचे, म्हणजे उद्या जोडणी करता येईल आणि वरून वीज गेली की गाव स्वतःच्या बॅटरीवर चालेल.

त्या गावात आम्ही चौदावा सेल एकटा बदलला नाही. जुन्या साखळीत नवा सेल घातला की जुने त्यालाही आपल्याबरोबर ओढतात. सगळे २४ बदलले. एकेक सेल चाळीस किलोच्या वर, दोघांनी धरून चढावरून नेला, दोन दिवस लागले. लिथियम का नाही, असं एका तरुणाने विचारलं. प्रश्न रास्त होता. त्यात पाणी घालावं लागत नाही, आयुष्यही जास्त. पण आतलं नियंत्रण सर्किट बिघडलं तर या गावात ते कोणाला उघडता येणार नाही, आणि हायड्रोमीटर वाचणारं माणूस इथे आधीपासून आहे.

त्या बाई परत आल्या. वर्गणीतून मानधनाचा ठराव झाल्यावरच आल्या, आणि ते बरोबरच होतं. पहिल्या सकाळी मी खोलीत होतो. त्यांनी एकेक झाकण उघडलं, फुगा दाबला, आकडा मोठ्याने वाचला, वहीत लिहिला. चौदाव्याशी थांबून दोनदा मोजला.

“दादा, १.२३. दोन्ही वेळा तेच.”

“मग लिहा ताई.”

त्यांनी लिहिलं आणि पंधराव्याचं झाकण फिरवलं.