तुम्ही विचारलंत म्हणून: ते चौदा फटके

नाशिकच्या गंगापूर रोडच्या पलीकडे आम्ही मुलांना घोडेस्वारी शिकवतो. तिथे दर रविवारी कुणाची तरी आई नाहीतर बाबा मला बाजूला घेऊन विचारतात, "तुम्ही रेसचे जॉकी होतात म्हणे. मग तुम्हीसुद्धा घोड्याला चाबकाने मारायचात?" थोडा वेळ घुटमळून पुढचा प्रश्न येतो, "आणि जास्त मारलं म्हणून तुम्हाला शिक्षा झाली होती, ते खरं का?"

"अहो, चाबूक म्हणजे नुसता इशारा असतो," असं सांगून मी वर्षानुवर्षं निसटलो. आता एकदाच सगळं लिहून ठेवतो.

हो, मारायचो. हो, शिक्षा झाली. दंड झाला आणि रेसचे दोन दिवस मला घोड्यावर बसू दिलं नाही. ती शिक्षा योग्य होती असं मी तेव्हा मानत नव्हतो, आजही मानत नाही. फक्त तेव्हाचं कारण आणि आजचं कारण एकमेकांच्या बरोबर उलट आहे.

माझे वडील टांगेवाले. भद्रकालीच्या टांगा स्टँडवरून होळकर पुलावरून रामकुंडापर्यंत यात्रेकरूंना न्यायचे. त्यांच्याकडेही चाबूक होता. तो बहुतेक वेळा टांग्याच्या दांडीवर वाजायचा, नुसत्या आवाजाने घोडं कान उचलायचं. पावसात, ओझं जास्त असताना त्यांनी घोड्याच्या पाठीवर मारलेलंही मी पाहिलंय. त्यांना देवमाणूस ठरवायला मी हे लिहीत नाही. पण मी मुंबई-पुण्याच्या मैदानांवर आधी राइडिंग बॉय म्हणून आणि मग जॉकी म्हणून इतकी वर्षं काढली, तरी त्यांनी एकदाच माझी रेस पाहिली. ती हीच.

कुठलं मैदान, कुणाचा तबेला, ते सांगत नाही. माणसं गेली, काही आहेत, आणि दोष एकट्या कुणाचा नाही. पावसाळ्यातली संध्याकाळ, चौदाशे मीटरची रेस. माझ्याखाली चार वर्षांची तांबडी घोडी. रेसआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकमध्ये ट्रेनर एवढंच म्हणाले, "आळशी आहे. शेवटी हिला सोडायचं नाही." मालक शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत, माझ्या खांद्यावर थाप मारली. मारायला कुणी सांगितलं नाही, असं तेव्हा चौकशीत मी म्हणू शकलो असतो आणि तेही म्हणू शकले असते. पण मोसमात पाच रेस हरलेल्या जॉकीला "सोडायचं नाही" याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

वळण संपून सरळ मैदान लागलं तेव्हा आम्ही तिसरे होतो. दोनशे मीटर राहिले आणि मी चाबूक उचलला. पहिल्या फटक्याला ती पुढे गेली, हे खरं आहे. दुसऱ्यालाही गेली असेल. त्यानंतरचं मला फक्त ऐकू आल्यासारखं आठवतं, माझाच श्वास आणि बाजूच्या घोड्याच्या टापा. आम्ही नाकभर फरकाने जिंकलो.

स्टुअर्डांनी, म्हणजे रेसचे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या पंचांनी, बोलावलं तेव्हा मी तयारीने गेलो होतो. विचारलं, किती मारलेस? मी म्हणालो, सात. फार तर आठ. त्यांनी फिल्म लावली. समोरून एकदा आणि बाजूने एकदा. एकजण पेन्सिलने टेबलावर मोजत होता. चौदा. त्यातले शेवटचे तीन फटके तर ती शेजारच्या घोड्याच्या पुढे गेल्यानंतरचे होते.

मी खोटं बोललो नव्हतो. मला खरंच आठच आठवत होते. इतक्या वर्षांनी सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. उरलेले सहा माझ्या हाताने मारले आणि ते माझ्या डोक्यापर्यंत पोचलेच नाहीत. एखादा माणूस मुद्दाम क्रूर असला तर त्याला ओळखता तरी येतं.

रात्री तबेल्यात गेलो तेव्हा वडील माझ्या आधीच पोचले होते. घोडीची देखभाल करणारे सईस तात्या बर्फाच्या पाण्यात कापड बुडवून घोडीच्या उजव्या मांडीवर दाबत होते. वळ उठले होते, बोटाएवढे जाड, एकावर एक. वडिलांनी हात न लावता जवळ जाऊन पाहिलं आणि म्हणाले, "ही उद्या चारा नीट खायची नाही." एवढंच. मला राग आला. टांग्याचं घोडं वेगळं, रेसचं घोडं वेगळं, असं काहीतरी मी फटकन बोललो. त्यांनी मान डोलावली. मग आम्ही जेवलो, घराच्या गळक्या पत्र्यांबद्दल बोललो आणि ते रात्रीच्या एसटीने नाशिकला परत गेले. त्यांनी पुन्हा हा विषय कधीच काढला नाही. मीही काढला नाही.

पुढचा भाग मुलांच्या आईबाबांना मी कधी सांगितलेला नाही. शिक्षा संपल्यावर महिनाभराने त्याच घोडीवर मी पुन्हा बसलो. या वेळी ठरवून होतो, मारायचं नाही, नुसता दाखवायचा. शेवटच्या दोनशे मीटरला चाबूक वर केला. तिने तो डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिला असणार, कारण एकही फटका न लागता ती झटक्यात डावीकडे सरकली आणि बाजूच्या घोड्यावर गेली. त्या घोड्याचा तोल गेला. जॉकी पडला नाही, ते त्याचं आणि माझं नशीब. बेफिकीर स्वारी म्हणून मला रेसचे चार दिवस घरी बसवलं.

चौदा फटक्यांचे दोन दिवस आणि त्या फटक्यांनी घोडी जे शिकली त्याचे चार. या हिशेबाचं काय करायचं ते सांगा.

आता माझ्याच जुन्या तोंडाशी भांडतो. रेस सोडून नाशिकला आलो, तरी २०११ च्या ऑक्टोबरात मी जॉकींच्या बाजूने तावातावाने बोलत होतो. त्या वेळी ब्रिटनमध्ये एका शर्यतीत जास्तीत जास्त किती फटके मारायचे तो आकडा ठरवला गेला, सपाट शर्यतीत सात आणि अडथळ्यांच्या शर्यतीत आठ. तो ओलांडला म्हणून रिचर्ड ह्यूज या नावाजलेल्या जॉकीवर एकाच आठवड्यात दोनदा बंदी आली आणि त्याने निषेध म्हणून परवानाच परत केला. मी इथल्या मित्रांना सांगत होतो, बघा, मैदानावर ताशी साठ किलोमीटरच्या वेगात आकडे मोजायचे का? ज्याने घोड्यावर जन्म काढला त्याला कागदावरचा माणूस शिकवणार का?

मोजता येत नाही, हे माझं म्हणणं खरंच होतं. माझे स्वतःचे सहा मोजायचे राहिलेच होते. पण ज्याला मोजता येत नाही त्याच्या हातात चाबूक का द्यायचा, हा पुढचा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

त्याच वर्षी सिडनी विद्यापीठातल्या पॉल मॅकग्रीव्ही यांच्या अभ्यासात दिसलं, की शेवटच्या चारशे मीटरमध्ये चाबूक मारल्याने घोड्याचा वेग वाढत नाही. थकलेलाच घोडा जास्त मार खातो. मी ते मान्य केलं नाही. माझी घोडी पहिल्या फटक्याला पुढे गेली होती, मला मांडीखाली जाणवलं होतं. अजूनही पूर्ण पटत नाही, खोटं कशाला बोलू. पण २०२० मध्ये तिथल्याच संशोधकांनी माणसाची आणि घोड्याची कातडी तपासली. वरच्या थरातल्या, वेदना टिपणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांत त्यांना ठळक फरक आढळला नाही. हे वाचलं तेव्हा मला ते वळ आठवले. "त्यांची कातडी जाड असते हो," हे वाक्य मी कितीजणांना ऐकवलं असेल.

निफाडकडचा एक बैलगाडावाला माझ्याकडे घोड्याला नाल मारायचं विचारायला येतो. तो मला सरळच म्हणतो, "भाऊ, आमच्या बैलाला शर्यतीत काठी लावली तर पाच लाखांपर्यंत दंड, नाहीतर तीन वर्षांपर्यंत कैद. तुमच्या घोड्याला मारलं तर दोन दिवस घरी बसायचं?" त्याचं म्हणणं चुकीचं नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती थांबवल्या, राज्याने २०१७ मध्ये कायदा बदलला, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने तो कायदा ग्राह्य धरला. शर्यत परत मिळाली ती काठी, चाबूक आणि टोचणी बाहेर ठेवण्याच्या अटीवर. कुठे पाळतात, कुठे नाही, ते जिल्ह्यातल्या लोकांना ठाऊक आहे. पण निदान कागदावर बैलाला जे मिळालं ते घोड्याला नाही. मी त्याला म्हणालो, घोड्यांची रेस कौशल्याची आहे, जुगाराची नाही, असं १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलंय. तो म्हणाला, "मग कौशल्यानेच पळवा ना." मी गप्प बसलो.

तेव्हा शिक्षेबद्दल माझं आजचं म्हणणं असं. मला घरी बसवलं, पण घोडी पहिलीच राहिली. कप गेला मालकांच्या घरी. फोटोत सगळे आहेत, मीही आहे. ज्या जिंकण्यासाठी मारलं ते जिंकणं तसंच राहिलं आणि दोन दिवसांची कमाई एकट्या जॉकीची बुडाली. त्यामुळे पुढच्या वेळी मालकाला वाटतं, याचं नुकसान थोडं भरून देऊ, आणि जॉकीला वाटतं, दोन दिवस तर दोन दिवस. ही शिक्षा नाही, हा भाव झाला. ब्रिटनने २०२३ मध्ये सपाट शर्यतीतली मर्यादा सहावर आणली, आणि मर्यादेपेक्षा चार किंवा त्याहून जास्त फटके मारले तर घोडाच बाद होतो. म्हणजे मालक, ट्रेनर, सगळ्यांचंच जातं. माझ्या रेसला हा नियम असता तर पॅडॉकमध्ये मला "सोडायचं नाही" असं कुणी म्हटलं नसतं. "जपून" म्हटलं असतं.

नॉर्वेने तर १९८२ मध्येच घोडा पळवण्यासाठी चाबूक मारणं बंद केलं. मग तुम्हीही तसंच म्हणा ना, असं मला विचारतात. अर्धं मन हो म्हणतं. उरलेल्या अर्ध्या मनाला तरणा घोडा मैदानाच्या कडेच्या रेलिंगकडे झुकतो तेव्हाची ती एक सेकंदाची भीती आठवते, तेव्हा हातात काहीतरी हवं असतं. पण माझ्याच घोडीला झुकायला चाबकाने शिकवलं, हेही मीच वर लिहिलंय. ही गाठ मला सुटलेली नाही.

आणि दुसरी एक आहे. घोडा जिंकला की सईसाला बक्षिसी मिळते. त्या रात्री ती तात्यांच्या खिशात होती. त्यांच्या मुलीचं लग्न दिवाळीनंतर होतं आणि मोसमभर त्या तबेल्यातून दुसरं काही जिंकलं नव्हतं. खिशात ते पैसे ठेवून ते बर्फाचं पाणी वळांवर दाबत होते, आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "साहेब, चांगली पळवलीत." जिंकणंच काढून घ्या असं मी आज म्हणतो तेव्हा त्यांचे ते पैसेही जातात. तात्यांनी काहीच केलं नव्हतं. त्यांना काय सांगायचं, ते मी अजून शोधतोय.