तीन पेडांचा हिशेब

अमळनेर, रविवार.

उन्हामुळे दिवसभर घराबाहेर पडलेच नाही. बरेच दिवस मनात घोळणारा वेणीच्या पेडांचा हिशेब आज हातानं करून पाहिला, आणि तो जुळला तेव्हा अंगावर काटा आला. लिहून ठेवते.

प्रतलावर तीन बिंदू फिरवायचे, एकमेकांना न धडकता. प्रत्येक बिंदूची जागा ही एक संमिश्र संख्या मानली, तर टक्कर म्हणजे दोन संख्या समान होणं, म्हणजेच एक अतिप्रतल, सगळ्या जागेहून एक मिती कमी असलेला सपाट भाग. ही सगळी अतिप्रतलं काढून टाकल्यावर जे उरतं, तिथेच सगळी गंमत आहे. वास्तव संख्यांत अतिप्रतल बांधासारखं असतं, घातला की शेताचे वाटे पडतात. संमिश्र संख्यांत ते विहिरीसारखं असतं. शेत अखंड राहतं, फक्त तिला वळसा घालून जावं लागतं. बिंदू फिरले की त्यांच्या वाटा पेडांसारख्या एकमेकींत गुंफतात. बिंदूंना नावं न देता हे वळसे मोजले की वेण्यांचा गट मिळतो, म्हणजे एकीला एक जोडता येणाऱ्या आणि उलट सोडवता येणाऱ्या वेण्यांचा संच.

सुतळीचे तीन पेड खिडकीच्या गजाला बांधून बसले होते. माय म्हणाली, "काय करी ऱ्हायनी तू?" तिला अदलाबदल करून दाखवली. शेजारचे दोन पेड एकाच दिशेनं पुनःपुन्हा बदलत राहिलं, तर वेणी पिळत जाते. आता असं ठरवायचं की ही अदलाबदल प वेळा केली म्हणजे काहीच केलं नाही. प = २ घेतला तर गटात ६ घटक, ३ ला २४, ४ ला ९६, ५ ला ६००. आणि ६ ला गट अनंत! हा निकाल भूमितिज्ञ कॉक्सेटरचा.

हे सांत, म्हणजे मर्यादित घटकांचे, गट संमिश्र परावर्तन गट आहेत: एकेक अतिप्रतल जागेवर ठेवून बाकी जागा त्याभोवती फिरवणाऱ्या क्रियांपासून बनलेले. शेफर्ड आणि टॉड यांनी १९५४ साली अशा सगळ्या गटांची यादी पूर्ण केली. अशा प्रत्येक गटाच्या काही पायाभूत बहुपदी असतात, ज्यांना गट बदलू शकत नाही. त्यांच्या घातांचा गुणाकार म्हणजे गटातल्या घटकांची संख्या. आपल्या चार गटांचे घात असे: २ व ३, ४ व ६, ८ व १२, २० व ३०. म्हणजे मूळच्या २ आणि ३ लाच १, २, ४, १० नं गुणलेलं! या गुणकांचे व्यस्त मांडले, १, १/२, १/४, १/१०, आणि दिसलं की ते ३/प उणे १/२ आहेत. ६ ला शून्य. ७ ला ऋण.

या चिन्हातच भूमिती आहे. धन असेल तर अवकाश गोलासारखा वळतो आणि गट सांत राहतो. शून्याला सपाट भूमिती, ऋणाला अपास्तिक, म्हणजे खोगिरासारखी वळणारी. कौवेनबर्ग, हेकमन आणि लॉयेंगा यांनी २००५ मध्ये अतिप्रतलांच्या कितीतरी व्यापक मांडण्यांसाठी ही त्रिविध विभागणी उभी केली. अतिप्रतलाभोवतीचा कोन किती मानायचा, एवढंच आपण ठरवतो. जागा तीच राहते.

चार पेडांना तर मी थक्कच झाले. तिथे प = ३ घेतला की घात २, ३, ४ चे ६, ९, १२ होतात. गुणाकार ६४८. हा यादीतला पंचविसावा गट. त्याची परावर्तन-अतिप्रतलं १२. हेसच्या आकृतीतल्या, नऊ बिंदूंमधून जाणाऱ्या बारा रेषा त्याच. चार वस्तूंच्या क्रमांतरांच्या गटाची, म्हणजे प = २ च्या गटाची, अतिप्रतलं मात्र सहाच. एक मांडणी सहाची, दुसरी बाराची, आणि आपापल्या गटानं घडी घातल्यावर, म्हणजे गट ज्या बिंदूंना एकमेकांवर नेतो ते एकच मानल्यावर, दोन्हींची अतिप्रतलं काढून उरलेली जागा एकच निघते! इतक्या वेगळ्या दिसणाऱ्या दोन गोष्टी आतून एक असाव्यात, याहून सुंदर मला गणितात फार थोडं माहीत आहे.

चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. १२०७ चा शिलालेख आहे तसा. आपल्या खान्देशात गणित शिकवण्याची सोय आठशे वर्षांपूर्वी होती. मग एम.एस्सी.च्या पोरांना हे परीक्षेबाहेरचं म्हणून मी का टाळावं?

उद्या व्याख्या नंतर. आधी पाच पेड आणि प = ३ देणार. गुणक ६ येतो, घात १२, १८, २४, ३०, गुणाकार १५५५२०. तो त्यांनी स्वतः काढावा.