शिडीगाड्या बघायला हॅनोव्हरला: इंटरशुट्झचा अनुभव आणि जाणाऱ्यांसाठी सूचना

बॅगेत सगळ्यात आधी पाच मीटरचा मोजटेप आणि ड्युटीचे हातमोजे टाका. जून 2022 मध्ये मी जर्मनीत हॅनोव्हरला इंटरशुट्झ या अग्निशमन प्रदर्शनाला गेलो तेव्हा पहिल्या दिवशी माझ्याकडे दोन्ही नव्हते, आणि तो दिवस नुसता फोटो काढण्यात गेला. दुसऱ्या दिवशी मावसभावाच्या घरातला टेप खिशात होता, तेव्हा कुठे बघायला सुरुवात झाली.

मी एका महापालिकेच्या अग्निशमन दलाच्या वर्कशॉपमध्ये आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे नवी शिडीगाडी आली. हार घातले, नारळ फोडला, पेपरात फोटो आला. काही दिवसांनी जुन्या गावठाणातून कॉल आला. गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत पोचली, पण जॅक, म्हणजे गाडीला तोलून धरणारे बाजूचे पाय, उघडायला जागाच नव्हती. एका बाजूला ओटा, दुसऱ्या बाजूला विजेचा डीपी. माणसं आतल्या जिन्याने खाली आणली, सगळी सुखरूप. पण शिडी मिटलेलीच राहिली आणि आमचे यंत्रचालक स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसून राहिले, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. गाडीत दोष नव्हता. आमच्या निविदेत गल्लीची रुंदी कुठेही लिहिलेली नव्हती. सगळं स्पेसिफिकेशन आधीच्या निविदेवरून उतरवलेलं होतं. मोठी शहरं गाडी बनवणारी कंपनी कशी निवडतात, हे बघायला म्हणून मी रजा काढून स्वतःच्या खर्चाने गेलो.

इंटरशुट्झ हे आग आणि बचावकार्याच्या सामानाचं जगातलं सगळ्यात मोठं प्रदर्शन. 2020 चं कोरोनामुळे पुढे गेलं आणि 20 ते 25 जून 2022 ला भरलं. त्यापुढचं 1 ते 6 जून 2026, तिथेच. व्हिसा शेंगेन बिझनेसचा काढा आणि आयोजकांकडून निमंत्रणपत्र मागवून घ्या. प्रदर्शनाच्या दिवसांत हॅनोव्हरमधल्या हॉटेलांचे दर आपल्या आवाक्याबाहेर जातात. मी हिल्डेसहाइमला मावसभावाकडे राहिलो. तिथून एस-4 लोकल थेट 'मेसे/लात्सेन' स्टेशनला आणून सोडते. हॅनोव्हर शहरातच राहणार असाल तर 8 नंबरची ट्राम मेसे-नॉर्डला जाते. मैदान अफाट आहे, तेव्हा नवे बूट घालून जाऊ नका. खायला आईने दिलेल्या दशम्या, लसणाची चटणी आणि भडंग होतं, दुपारची सोय त्यावर झाली. पेढे, तूप मात्र नेऊ नका. बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे.

हॉलमधल्या चकचकीत स्टॉलपेक्षा बाहेरचं मैदान आधी बघा. तिथे सगळ्या कंपन्यांच्या शिड्या आकाशात उभ्या असतात. पण मी जास्त वेळ बघत राहिलो ती माणसं. जर्मनीत गावोगावची दलं स्वयंसेवकांची, पगारी दलं मोठ्या शहरांत. दोन्हीकडचे जवान टोळ्या करून आले होते. एका बंबापाशी सहा जणांची तुकडी होती. त्यातल्या एका बाईंनी हेल्मेट चढवलं, हातमोजे घातले आणि टपावरची शिडी एकटीने उतरवून दाखवा म्हटल्यावर उतरवली. परत चढवताना शिडीचा हुक त्यांच्या हाताला येईना. शेजारच्याने टेप लावून उंची मोजली आणि वहीत लिहिली. मग सीटवर बसून पाठीवरचा श्वासाच्या हवेचा एअर सेट बसल्या बसल्या घालता येतो का ते बघितलं. लॉकरचं शटर हातमोज्यांसह उघडतं का, पंपाचं पॅनल रात्री वाचता येईल का, पायरी जमिनीपासून किती. विक्रेता माहितीपत्रक पुढे करत होता, त्यांनी ते घेतलंही नाही. त्यांच्या शहराची निविदा पुढच्या वर्षी निघणार होती आणि ही वही थेट त्या निविदेत जाणार होती.

तिथल्या एका मोठ्या शहराच्या खरेदी विभागातले गृहस्थ चहाच्या टेबलावर भेटले. त्यांनी पद्धत सांगितली, ती आपल्याकडे रुजायला हवी असं मला मनापासून वाटतं. बंबाची निविदा बहुतेक वेळा तीन भागांत निघते: चासी (इंजिन-चाकांसह खालचा सांगाडा), बॉडी आणि आतलं सामान. चासी 'मान' (MAN) किंवा मर्सिडीज कंपनीची, बॉडी दुसऱ्याची, पाण्याचे होज, त्यांची ब्रांच म्हणजे तोंडाची नळी आणि कटर तिसऱ्याचे. त्यामुळे छोट्या बॉडीबिल्डरलाही भाग घेता येतो. उलट बाजूही आहे: वजन जास्त भरलं किंवा वायरिंग जुळलं नाही की तिघं एकमेकांकडे बोट दाखवतात, म्हणून शहराकडे स्वतःचा जाणकार इंजिनिअर लागतो. निवड नुसत्या एल-वनवर, म्हणजे सगळ्यात कमी दरावर होत नाही. किमतीला ठरावीक गुण, बाकीचे गुण हाताळणीला, दुरुस्तीच्या सोयीला, सुट्या भागांना. कशाला किती गुण ते आधीच जाहीर करावं लागतं. ऑर्डर दिल्यावर दलाची माणसं कारखान्यात जातात, नुसती एकदा सुरुवातीला नव्हे. बॉडीचा सांगाडा उभा राहिला की पुन्हा जातात, कारण लॉकर अर्धा फूट सरकवायचा असेल तर तो तेव्हाच सरकतो, रंग लागल्यावर नाही.

मापांचा पाया मात्र सगळ्यांचा एकच. तिथल्या बहुतेक गाड्या डीआयएन या जर्मन मानकाप्रमाणे. पंप 10 बार दाबाला मिनिटाला 2000 लिटर देणारा. शिडी '23/12' म्हणजे भिंतीपासून 12 मीटर लांब उभं राहून 23 मीटर उंचीवरून माणूस काढता आला पाहिजे. आता हे बघा: जर्मन बांधकाम नियमात ज्या इमारतीत वापरातल्या मजल्याची फरशी जमिनीपासून 22 मीटरच्या वर आहे तिला उंच इमारत म्हणतात आणि तिला जिन्यांचे वेगळे, कडक नियम लागतात. शिडी जिथपर्यंत पोचते तिथपर्यंत शिडीचा भरवसा, त्यावर इमारतीने स्वतःची सोय करायची. आपल्याकडे उंच इमारत 15 मीटरपासून धरतात, आणि मग शिडी किती उंच घ्यावी याचा विचार वेगळाच चालतो. मुंबई अग्निशमन दलाकडे फिनलंडच्या ब्रोन्टोचं 90 मीटरचं स्कायलिफ्ट आहे. मुंबईच्या टॉवरना ते लागणारच. पण मुंबईने घेतलं म्हणून मध्यम शहराने तशीच उंची मागायची, याने गावठाणातला माणूस वाचत नाही. त्याला लागते ती कमी रुंदीत उभी राहणारी शिडी. मैदानावर मी ती प्रत्यक्ष पाहिली: एका बाजूचे जॅक पूर्ण बाहेर, भिंतीकडचे गाडीच्या रुंदीतच, आणि शिडी किती लांब जाऊ शकते हे संगणक त्या हिशेबाने स्वतः कमी करतो. वरचं टोक कोपरासारखं वाकून कठड्यापलीकडे उतरणारी शिडीही होती. तिच्याखाली मी किती वेळ उभा होतो कोण जाणे.

शिडीवरून आठवलं. जर्मनीतल्या उल्मची मागिरूस ही शिडीगाड्या बनवणारी कंपनी 1864 ची. तिचे संस्थापक कोनराड डीट्रिश मागिरूस स्वतः तिथल्या अग्निशमन दलाचे कमांडर. 1872 ची त्यांची दोन चाकांची 'उल्मर लायटर' (उल्मची शिडी) भिंतीचा आधार न घेता उभी राहायची. आग विझवणारा माणूस स्वतः कारखान्यात शिरला की काय होतं, त्याचा हा नमुना.

जर्मनीत सगळं चोख असतं असं समजून परत येऊ नका. 2001 पासून काही वर्षं तिथल्या बंब बनवणाऱ्या कंपन्यांनी आपसात बाजार वाटून घेतला होता. प्रत्येकाने आपल्या ऑर्डर स्वित्झर्लंडमधल्या एका हिशेबनीसाला कळवायच्या, झुरिक विमानतळावर भेटून कोटा तपासायचा आणि पुढची निविदा कोणाची ते ठरवायचं. फेब्रुवारी 2011 मध्ये तिथल्या स्पर्धा आयोगाने तीन कंपन्यांना मिळून 2 कोटी 5 लाख युरो दंड केला. पैसा गावोगावच्या पालिकांचा गेला होता. हे मला खरेदी विभागातल्या त्याच गृहस्थांनी न लपवता सांगितलं. ते म्हणाले, तीनच पाकिटं आली आणि तिन्ही दर एकमेकांच्या जवळ असले की आम्ही आता थांबतो.

प्रदर्शनानंतर मी बर्लिनला गेलो. त्या महिन्यात 9 युरोत महिनाभर साध्या गाड्यांनी फिरण्याचं तिकीट होतं. ब्राउनश्वाइग, मॅग्डेबुर्ग अशा गाड्या बदलत चार तासांहून जास्त लागले. आता त्याजागी डॉयचलांड-टिकेट आहे. ती मासिक वर्गणी असते आणि महिन्याच्या 10 तारखेच्या आत रद्द केली नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात, हे लक्षात ठेवा. बर्लिनचं पगारी दल 1851 चं, जर्मनीतलं सगळ्यात जुनं. इथे मला बघायची होती निवडीची वेगळीच रीत. विजेवर चालणारा बंब बाजारात तयार नव्हता, म्हणून बर्लिनने ऑस्ट्रियाच्या रोझेनबाउअरबरोबर गाडी घडवण्यातच भाग घेतला. फेब्रुवारी 2021 पासून ती मिट्टे या मध्यवर्ती भागातल्या फायर स्टेशनातून खऱ्या कॉलवर धावली. त्याच मालिकेतल्या गाडीत मी हॅनोव्हरला बसलो होतो. रुंदी 2.35 मीटर, म्हणजे नेहमीच्या बंबापेक्षा साधारण 15 सेंटिमीटर कमी. मागची चाकंही वळतात. उभी राहिली की गाडी खाली बसते आणि एका पायरीत आत जाता येतं. बॅटरी संपली तर जोडीला डिझेल इंजिन. विजेचं कौतुक आहेच, पण माझी नजर त्या 15 सेंटिमीटरवर खिळली.

फायर स्टेशन बघायचं असेल तर न कळवता जाऊन उभे राहू नका. दोन-तीन आठवडे आधी जर्मनमध्ये ईमेल पाठवा, ओळखपत्राची प्रत जोडा, आणि शटरच्या समोर कधीही उभं राहू नका. विचारल्याशिवाय जवानांचे चेहरे टिपू नका, तिथे ते कोणालाच आवडत नाही. बर्लिनच्याच टेगेल भागात दलाचं संग्रहालय आहे, अर्ध्या दिवसात होतं. परतीचं विमान फ्रँकफर्टहून असेल तर वाटेत फुल्डाला उतरा, जर्मन अग्निशमन संग्रहालय तिथे आहे. रेल्वे स्टेशनात लॉकर मिळतो, त्यात सामान ठेवून जाता येतं.

आणि निघायच्या आधी घरबसल्या एक काम करा. युरोपातल्या मोठ्या सरकारी निविदा 'टेड' या संकेतस्थळावर सगळ्यांना खुल्या असतात. जाहिरातीचा सारांश इंग्रजीत वाचता येतो, सविस्तर कागद बहुतेक जर्मनमध्ये. शिडीगाडीच्या दोन-तीन निविदा वाचून गेलात तर स्टॉलवर काय विचारायचं ते तुम्हाला आधीच माहीत असेल.

परत आल्यावर पहिल्या रविवारी आमचे यंत्रचालक आणि दोन जवान घेऊन गावठाणात गेलो. सकाळी साडेसहाला, दुधाच्या गाड्या यायच्या आत. डीपीपासून ओट्यापर्यंत टेप धरला. 3 मीटर 40. पुढच्या वळणावर 3 मीटर 10. यंत्रचालकांनी खडूने रस्त्यावर जॅकच्या जागा आखल्या, मी वहीत उतरवून घेतल्या. अशा अकरा गल्ल्या झाल्या आहेत, सात राहिल्यात.