दाचीगाममध्ये हंगूल पाहिला, त्याची गोष्ट

ताडोबा, पेंच करून आलेल्या माणसाला श्रीनगरजवळच्या दाचीगाम राष्ट्रीय उद्यानाची रीत नव्याने शिकावी लागते. इथे वाहनात बसून पाणवठ्यावर वाट पाहायची नसते. वनरक्षकाबरोबर पायी हिंडायचं आणि आधी कानांनी शोधायचं.

हंगूल हा युरोपातल्या रेड डिअर या हरणाचा काश्मिरी भाऊबंद. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हजारोंनी असलेला हा प्राणी २००४ च्या गणनेत १९७ वर आला होता. २०२३ मध्ये २८९ मोजले गेले. त्यातले बहुतेक याच १४१ चौरस किलोमीटरच्या जंगलात आहेत. श्रीनगरला पिण्याचं स्वच्छ पाणी मिळावं म्हणून १९१० मध्ये हे खोरं राखलं गेलं. ते राखलं नसतं तर आज आपल्याला हंगूल बघायला मिळाला असता का, मला शंका आहे.

मी ऑक्टोबर मुद्दाम निवडला. उन्हाळ्यात हंगूल वरच्या दाचीगाममध्ये, उंचावरच्या कुरणांकडे जातात आणि त्यांच्यामागे तिथवर चढणं सगळ्यांना जमण्यासारखं नाही. शरदात ते खाली उतरतात, नर माजावर येतात आणि हंबरतात. परवान्याचं काम श्रीनगरमध्ये आदल्या दिवशीच उरकून घेतलं. ओळखपत्राच्या झेरॉक्स जास्तीच्या ठेवा. दुसऱ्या दिवशी अंधारातच दाचीगामच्या प्रवेशद्वाराजवळच्या हारवनकडे निघालो. शहरापासून हे अंतर साधारण वीस-बावीस किलोमीटर.

दगवान नदीच्या काठाने चालताना हात गारठले होते. याच दिवसांत काळी अस्वलं अक्रोड आणि ओकची फळं खायला खालच्या जंगलात असतात, त्यामुळे वनरक्षकाच्या पुढे एक पाऊलही टाकायचं नाही, हे आधीच बजावलं गेलं होतं. एका वळणावर वनरक्षक थबकले. “जनाब, सुनिए.” मला फक्त नदी ऐकू येत होती. मग पलीकडच्या उतारावरून तो आवाज आला. लांबलचक, वर चढत जाणारा आणि शेवटी घोगरा होऊन तुटणारा. थोड्या वेळाने वरच्या बाजूने दुसऱ्या नराने उत्तर दिलं.

दुर्बिणीत आधी माद्या दिसल्या. मग झुडपांमागून नर बाहेर आला. मानेवर दाट गडद केस, मागच्या बाजूला पांढरा पट्टा, दोन्ही शिंगांना चार-पाच फाटे. मान ताणून हंबरला की तोंडातून वाफ निघताना स्पष्ट दिसायची. एक मादी कळपातून जरा बाजूला सरकली, तसा तो मान खाली घालून तिला वळवायला गेला. मी कॅमेरा काढलाच नाही. दुर्बीण डोळ्यांवरून हटवायची इच्छाच होईना.

आणखी जवळ जाता येईल का, असं आमच्यातल्या एकाने विचारलं. वनरक्षक ठामपणे नाही म्हणाले आणि मला ते फार पटलं. हंगूलांमध्ये पाडसांचं प्रमाण आधीच कमी आहे. माजाच्या दिवसांत कळप उधळला तर त्याची किंमत त्या पाडसांना मोजावी लागते. म्हणून दुर्बीण चांगली घ्या, कपडे मातकट रंगाचे घाला आणि फोन बंद ठेवा. ऑक्टोबर जमत नसेल तर बर्फ पडल्यावर जा. तेव्हाही ते खालच्याच जंगलात असतात, फक्त हंबरणं ऐकू येणार नाही.