तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या फोनच्या कव्हरवरचा चंद्र असा उभा का?

“बाई, कव्हरवरचा फोटो फिरलाय वाटतं?” स्टाफरूममध्ये, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे हेच. फिरलेला नाही. छापणाऱ्यानेही आधी खात्री करून घेतली होती. उजव्या कडेला खालपासून वरपर्यंत चंद्राची करडी जमीन आणि डावीकडे काळोखात निळी-पांढरी पृथ्वी. फोन उभा असतो म्हणून मी तो तसा बसवला, असंही काहींना वाटतं. तेही नाही.

२४ डिसेंबर १९६८ रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या अपोलो ८ या यानातून अंतराळवीर बिल अँडर्स यांनी हा फोटो काढला. यान चंद्राच्या विषुववृत्ताजवळून फिरत होतं. अशा वेळी उत्तर दिशा वर धरली, की समोरचं क्षितिज बाजूला उभं राहतं आणि पृथ्वी त्याच्याआडून कडेने बाहेर येते. आपल्याला सवयीचा आहे तो चंद्र खाली, पृथ्वी वर असा. तो नंतर फिरवून छापलेला.

आमच्या विज्ञान प्रदर्शनात सातवीतल्या एका मुलीने तक्त्यावर हाच फोटो असा उभा लावला होता. प्रमुख पाहुणे थांबले. “चंद्र भिंतीसारखा उभा असतो का गं?” ती म्हणाली, “सर, यानातून...” पुढचं हसण्यात बुडालं. कुणीतरी टाचण्या काढल्या, फोटो आडवा केला, परत टोचला. मी म्हटलं, मूळ फोटो तसाच आहे. “बाई, आधी मुलांना दिशा शिकवा,” असं म्हणून ते पुढच्या तक्त्याकडे गेले. फोटोखाली तिने बाणाने “उत्तर” लिहिलं होतं. तो बाण आता कशाचीच दिशा दाखवत नव्हता. दुपारी लोक येत राहिले, पण ती तक्त्याजवळ उभी राहिली नाही. विचारलं तर म्हणाली, “आता काय सांगू?”

त्याच आठवड्यात मी हे कव्हर छापून घेतलं.

तेव्हा मी सगळ्यांना ठासून सांगायची की हाच खरा, दुसरा चूक. आज तसं म्हणवत नाही. अंतराळात वर-खाली नसतंच. उत्तर वर धरणं हीसुद्धा आपल्या नकाशांची रीत. शिवाय चंद्राच्या जमिनीवर उभं राहिलं तर पृथ्वी अशी उगवतही नाही, ती आभाळात जवळपास एकाच जागी असते. उगवणं घडलं ते यान फिरत होतं म्हणून. आणि खरं सांगू? आडवा फोटो मलाही जास्त भिडतो. क्षितिजावर काही उगवताना पाहायची डोळ्यांना सवयच आहे.

मग पाहुण्यांचंही बरोबर होतं का? ते मात्र मला अजून म्हणवत नाही. त्यांनी मिनिटभर थांबून त्या मुलीला बोलू दिलं असतं, तर विषुववृत्त, कक्षा, खिडकी, सगळं तिने सांगितलं असतं. तिची तयारी पूर्ण होती.