आधी बाटली, मग काच : आमची वाटचाल

सांध्यातलं आणि किडनीतलं पेशीजाल घ्यायचं, मेणात बसवायचं, त्याचे पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि अभ्यासकाच्या हाती काच (स्लाइड) द्यायची, हा आमचा छत्रपती संभाजीनगरातला व्यवसाय. सुरुवातीला काम तयार ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले नमुने, कापण्यापुरतंच होतं. बहुतेक नमुने पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांसाठी येत. तेव्हा काप काढणारं यंत्र, म्हणजे मायक्रोटोम, हेच या धंद्याचं भांडवल वाटायचं. पण बिघडलेल्या काचांची कारणं एकेक करून शोधली, तेव्हा बरीचशी ब्लॉकच्या आधीची निघाली. नमुना शरीराबाहेर आल्यावर पहिल्या अर्ध्या तासात कोणत्या द्रवात पडला, त्यावर सगळं ठरलेलं असायचं. म्हणून आता शस्त्रक्रियेच्या आधीच बाटल्यांची आमची पेटी शस्त्रक्रियागृहात पोचते.

पेटीतली मोठी बाटली दहा टक्के बफर्ड फॉर्मॅलिनची. एका लिटरसाठी बाजारातलं ३७ ते ४० टक्क्यांचं फॉर्मल्डिहाइड १०० मिली, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. द्रव नमुन्याच्या किमान दहापट हवा. अनेक ठिकाणी बफर न घालता नुसतं पाणी मिसळलेलं फॉर्मॅलिन वापरतात. ते हळूहळू आम्ल होतं आणि रक्त असलेल्या भागात काळपट तपकिरी कण सोडतं. हे कण ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणाऱ्या, प्रकाशात स्फटिकांसारखेच चमकतात. स्फटिक शोधणाऱ्याची त्यात पुरती फसगत होते.

स्फटिकांचा विषय निघाला की सांधा आणि किडनी एकाच टेबलावर येतात. शरीरातलं साधारण दोन तृतीयांश युरिक ॲसिड किडनीवाटे बाहेर पडतं. किडनी मंदावली की युरेट, म्हणजे युरिक ॲसिडचा क्षार, साचतं, आणि गाऊटच्या, म्हणजे वातरक्ताच्या, गाठी सांध्याभोवती धरतात. अशी गाठ सवयीने फॉर्मॅलिनमध्ये टाकली जाते आणि तिथेच अभ्यास संपतो, कारण मोनोसोडियम युरेट पाण्यात विरघळतं आणि फॉर्मॅलिनचा मोठा भाग पाणीच असतं. काचेवर उरतात सुईच्या आकाराच्या रिकाम्या फटी आणि त्यांच्याभोवती जमलेल्या राक्षसपेशी, म्हणजे अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी. म्हणून गाऊटच्या संशयाला आमच्या पेटीत निळ्या झाकणाची वेगळी बाटली असते. तिच्यात शुद्ध अल्कोहोल असतं, पाण्याचा थेंब नाही. पुढेही पाणी टाळावं लागतं, कारण नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन रंगाच्या धुण्यातही स्फटिक निघून जातात. एक काप न रंगवताच ठेवतो आणि सूक्ष्मदर्शकाला कॉम्पेन्सेटर, म्हणजे ध्रुवित प्रकाशात रंगांचा फरक दाखवणारी पट्टी, लावून बघतो. त्याच्या मंद अक्षाला, म्हणजे पट्टीवर खूण केलेल्या दिशेला, समांतर असलेली सुई पिवळी आणि आडवी निळी दिसली, तर ते युरेट. उलट रंग आणि आखूड चौकटीसारखे तुकडे दिसले, तर सांध्यात साचणारं दुसरं स्फटिक, कॅल्शियम पायरोफॉस्फेट. ते फॉर्मॅलिनमध्ये टिकतं, पण हाड मऊ करायच्या आम्लात जातं. अल्कोहोल ज्वलनशील, त्यामुळे ही बाटली पार्सलने पाठवत नाही. आमचा माणूस जाऊन घेऊन येतो.

किडनी बायोप्सीला चूक सोसत नाही, कारण तुकडा हाताशी असतो तो १६ किंवा १८ गेजच्या सुईतून निघालेला, दोऱ्याएवढा. तो कोरड्या गॉजवर ठेवला की वाळतो, चिमट्याने दाबला की पेशी चेंगरतात. आम्ही टूथपिकने उचलायला सांगतो. सलाइनच्या थेंबात भिंगाखाली पाहिलं की गाळण्या, म्हणजे ग्लोमेरुलाय, लालसर ठिपक्यांसारख्या दिसतात. त्या दिसल्या नाहीत तर सुई बाहेरच्या थरात न जाता आत मेड्युलात गेली, असं समजून लगेच दुसरा तुकडा घेता येतो. ल्युपसमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या आजारात, किडनीच्या विकाराचा वर्ग ठरवायला २००३ च्या वर्गीकरणानुसार किमान १० ग्लोमेरुलाय लागतात. प्रत्यारोपणाच्या किडनीत बॅन्फच्या, म्हणजे प्रत्यारोपित अवयव तपासण्याच्या आंतरराष्ट्रीय, निकषांनुसार १० ग्लोमेरुलाय आणि २ धमन्या. दुसऱ्या दिवशी काचेवर मोजून उपयोग नसतो, तेव्हा रुग्ण टेबलावरून उठलेला असतो.

एक तुकडा फॉर्मॅलिनला, दुसरा इम्युनोफ्लुरोसन्ससाठी, म्हणजे साचलेली प्रतिपिंडं चमकवून दाखवणाऱ्या तपासणीसाठी, मिशेलच्या द्रवात. हा द्रव अमोनियम सल्फेटचा असतो. त्यात प्रतिपिंडांचे थर चार-पाच दिवस तसेच राहतात, त्यामुळे नांदेडहून किंवा अंबाजोगाईहून बसने आलेला नमुनाही चालतो. पण फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेली टूथपिक पुसून मिशेलच्या बाटलीत घातली, तरी आयजीजी (प्रतिपिंड) आणि सी३ (प्रतिकारशक्तीतलं प्रथिन) यांची चमक मंदावते. म्हणून मिशेलची बाटली आधी भरायची, फॉर्मॅलिनची नंतर, आणि दोन्हींच्या काड्या वेगळ्या. आमच्याकडे पोचल्यावर नमुना बफरमध्ये तीनदा धुतो, मीठ निघालं की मगच गोठवतो. फॉर्मॅलिनमधल्या तुकड्याचे काप २-३ मायक्रॉनचे. चार मायक्रॉनचा काप इतर अवयवांना ठीक, पण किडनीत एकावर एक पेशी दिसून संख्या वाढल्याचा भास होतो.

गाळण्यांचं आवरण चांदीने काळं करणाऱ्या सिल्व्हर स्टेनने आम्हाला पाण्याची किंमत शिकवली. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यातले क्लोराइड चांदीशी मिळून पांढुरका गाळ करतात, म्हणून काचपात्रांचं शेवटचं धुणंही डिस्टिल्ड वॉटरनेच होतं आणि चिमटे प्लॅस्टिकचे. ६० अंशांवर द्रव तापला की दर मिनिटाला काच सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. आवरण काळं आणि मागचा भाग फिकट दिसला की थांबायचं. अर्धा मिनिट जास्त झाला तर सगळंच काळं.

गुडघा बदलताना काढलेलं हाड आणि कूर्चा हा कामाचा दुसरा मोठा भाग. ३-४ मिलिमीटरच्या चकत्या आधीच कापून ४८ तास फॉर्मॅलिनमध्ये, मग कॅल्शियम काढायचं. नायट्रिक ॲसिडने हे लवकर होतं, म्हणून प्रबंधाची तारीख जवळ आली की तोच आग्रह होतो. पण कूर्चेतले प्रोटिओग्लायकन, म्हणजे तिला लवचीक ठेवणारे रेणू, त्यात जातात. मग त्यांना लाल रंगवणारं सॅफ्रॅनिन ओ फिकट उतरतं आणि चांगली कूर्चा झिजलेली ठरते. १९७१ पासून वापरात असलेला कूर्चेच्या झिजेचा मँकिनचा ० ते १४ गुण मोजायचा असेल, तर आम्ही कॅल्शियम हळूहळू ओढून घेणारं १० टक्के ईडीटीए, पीएच ७.२ ते ७.४, एवढंच वापरतो. हाडासकट चकतीला तीन ते सहा आठवडे लागतात आणि द्रव आठवड्यातून दोनदा बदलावा लागतो. कॅल्शियम गेलं का, ते एक्स-रेवर बघतो. सुई टोचून पाहिली तर कूर्चेत भोकं पडतात. रंगवताना सॅफ्रॅनिन ०.१ टक्का, पाच मिनिटं. त्यानंतर पाण्यात रेंगाळलं की रंग उतरतो, म्हणून थेट ९५ टक्के अल्कोहोल. प्रत्येक खेपेला निरोगी कूर्चेची एक काच सोबत रंगवतो. तिचा लाल रंग बरोबर आला नाही, तर ती सगळी खेप पुन्हा.

मे महिन्यात मेण मऊ होऊन काप सुरकुततात. तेव्हा ५८ ते ६० अंशांवर वितळणारं मेण आणि ब्लॉकखाली बर्फ. वीज गेली आणि नमुना एका द्रवातून दुसऱ्यात नेणाऱ्या टिश्यू प्रोसेसरची टोपली दोन भांड्यांच्या मधे अडकली की नमुना हवेत वाळतो, म्हणून यंत्र इन्व्हर्टरवर असतं.

अनेक वर्षं डायलिसिसवर असलेल्यांच्या मनगटातलं पेशीजाल कार्पल टनेलच्या, म्हणजे मनगटात दबलेली नस मोकळी करण्याच्या, शस्त्रक्रियेनंतर टाकून दिलं जातं, याची आम्हाला फार खंत वाटते. निकामी किडनी बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे प्रथिन बाहेर टाकू शकत नाही, आणि ते सांध्यांत व कंडऱ्यांत अमायलॉइड, म्हणजे न विरघळणारे प्रथिनांचे थर, होऊन बसतं. हे प्रथिन १९८५ मध्ये जपानी संशोधकांनी ओळखलं. अमायलॉइड दाखवणाऱ्या कॉंगो रेड रंगासाठी मात्र काप ८-१० मायक्रॉनचा जाड हवा. किडनीचा सराव असलेला हात तो २ मायक्रॉनचा कापतो, आणि ध्रुवित प्रकाशात दिसायला हवा तो हिरवा रंग दिसत नाही. रुग्णाची संमती आणि संस्थेच्या नैतिक समितीचं पत्र असेल, तर या नमुन्याला साधं बफर्ड फॉर्मॅलिन पुरतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ओळख गुप्त राहावी म्हणून बाटलीवर नाव नाही, फक्त सांकेतिक क्रमांक. तोही शिसपेन्सिलीने लिहायचा, कारण पेनची शाई अल्कोहोलमध्ये पुसली जाते. पेन्सिल पेटीतच ठेवलेली असते.